हरिहररावांची जांभळी परीक्षा

नौपाड्यातले हरिहरराव मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते. बोलायचे मात्र असे, की यांना विचारल्याशिवाय डीनसाहेब शिंकतसुद्धा नसावेत.

सत्तावन्न सालाच्या सुमाराला त्यांना एका निळ्या रंगाचं वेड लागलं. टोल्युइडिन ब्लू. पाण्यात निळाशार, पण कूर्चेला, म्हणजे मटणातलं जे कुरकुरीत हाड आपण आवडीनं चघळतो त्याला लागला, की जांभळा. कूर्चेतल्या लांबलचक रेणूंवर रंगाचे कण दाटीनं बसतात आणि त्या दाटीत रंगच पालटतो. जांभळेपणा मोजला की रेणू मोजले गेले.

झालं! रविवारच्या मटणातली कुरकुरीत हाडं घरातून नाहीशी होऊ लागली. हरिहरराव ती परसातल्या पपईच्या चिकात विरघळवायचे, गाळायचे, रंगात मिसळायचे आणि काचनळ्या उजेडात धरून छटा जुळवत बसायचे.

"अहो, एक तरी हाड रश्शात राहू द्या," लक्ष्मीबाई म्हणायच्या.

"तुला रस्सा दिसतो, मला रेणू दिसतात," इति हरिहरराव.

ही कीर्ती डोंबिवलीच्या विश्रामशेठच्या कानावर गेली. शेठ 'सांधेबल' नावाचं पाक घालून केलेलं, थुलथुलीत औषध विकायचे. त्यात बकऱ्याच्या कूर्चेचं सत्त्व आहे, असं त्यांचं म्हणणं. हरिहररावांनी तपासलं, तर काय! बकऱ्याच्या गुडघ्याहूनही गडद जांभळं. दुसऱ्या कुणाला इथं शंका आली असती. यांना अभिमान वाटला. त्यांनी स्वतःच्या सहीचा दाखला दिला आणि शेठनी तो बाटलीवर छापला.

मग एका दुपारी लक्ष्मीबाईंनी शहाळ्याच्या पाण्यातलं चायनाग्रास केलं. हरिहरराव हात न धुताच जेवायला बसले. बाहीवरून निळा थेंब ताटलीत पडला आणि बघता बघता जांभळा झाला.

हरिहररावांचा घास हातातच राहिला. चायनाग्रास म्हणजे समुद्रातलं शेवाळ. त्याला कुठला गुडघा?

"अगं, यातही तसलेच रेणू असतात वाटतं," ते पुटपुटले. त्यांनी चायनाग्रास आणि सांधेबल शेजारी शेजारी तपासलं. छटा हुबेहूब.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोंबिवली गाठली. "यात बकरा नाहीच!"

"नाहीच," विश्रामशेठ थंडपणे म्हणाले. "बकरा परवडतो का साहेब? तुम्ही आहे म्हणालात, तेव्हा मलाच नवल वाटलं होतं."

हरिहररावांनी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायचं ठरवलं. नौपाड्यातल्या वाचनालयात व्याख्यान लावलं, जांभळ्या नळ्या मांडल्या आणि म्हणाले, "मी चुकलो. जांभळं झालं म्हणजे कूर्चाच असते असं नाही. सांधेबलमध्ये नुसतं शेवाळ आहे."

मग मागून एक सोवळे गृहस्थ उठले. "म्हणजे बकरं नाही ना त्यात? नक्की? मग आमच्या आईला चालेल!"

टाळ्या पडल्या. महिनाभरात बाटलीवर नवा मजकूर आला: 'शुद्ध शाकाहारी. हरिहररावांनी जाहीर सभेत सिद्ध केलेले.' खप दुप्पट झाला.

हरिहरराव बदनामीची तयारी करून बसले होते. नोकरीवर गदा येईल, लोक तोंड फिरवतील, असं सगळं मनाशी घोकून ठेवलं होतं. कुणी तेवढाही मान दिला नाही. उलट रस्त्यात लोक थांबवून विचारायचे, "साहेब, जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

सुरुवातीला ते चिडायचे. पुढे पुढे म्हणू लागले, "नंतर."