खोकला काढलेली फाइल

माझ्या वडिलांचा खोकला कुठल्याच डॉक्टरला जमला नाही, तो मी घरी बसून मुळासकट काढला. वडिलांमधून नव्हे, रेकॉर्डिंगमधून. वडील खोकतच राहिले.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला वैद्य समजाल. तेलगावात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. घरघरणारी मोटार आली की नुसता कान लावून मी सांगतो, बेअरिंग गेलंय का बुश. एवढा तयार कान विहिरीच्या मोटारींवर वाया जाऊ नये, म्हणून मी त्याला गाण्याचा नाद लावला. त्यातही लाइव्ह गाण्याचा. स्टुडिओतलं गाणं म्हणजे मला शिळी भाकरी वाटते. माजलगाव, परळी, अंबाजोगाई, बीड, जिथे म्हणून मैफल असेल तिथे तळहाताएवढा रेकॉर्डर घेऊन मी हजर. मग ते रेकॉर्डिंग आमच्या मोबाइलवरच्या ‘अस्सल लाइव्ह’ ग्रुपवर टाकायचं आणि कुणाचा निषाद लागला, कुणाचा नाही, यावर चार दिवस भांडायचं. ग्रुपात दोनशे बारा माणसं आणि ॲडमिन मी. (घरात माझं कुणी ऐकत नाही. तिथे दोनशे अकरा जण ऐकायचे. माणूस बिघडायला एवढं पुरतं.)

ग्रुपाला मी कडक नियम लावले होते. गुड मॉर्निंग टाकायचं नाही, वाढदिवस टाकायचे नाहीत, देवसुद्धा टाकायचे नाहीत. आणि सगळ्यात मोठा नियम, फाइल शुद्ध पाहिजे. लोकांचा खोकला, शिंका, लेकरांची रडारड, खुर्च्यांची खरखर, सगळं कॉम्प्युटरवर बसून काढून टाकायचं. शुद्ध फाइल तयार झाली की मूळची ठेवायची नाही, ताबडतोब डिलीट. घाण घरात ठेवून कुणी गणपती बसवतं का, असं मी ग्रुपवर लिहिलंही होतं. त्यावर पन्नास अंगठे आले होते.

आता आण्णा. आण्णांची तीस वर्षं जिनिंगात गेली. कापसाचा फुफाटा छातीत जाऊन बसला, तो कायमचा. गाण्यातलं त्यांना काही कळत नाही असं माझं ठाम मत होतं. तरी मी मोटारसायकल बाहेर काढली की हे टोपी घालून दारात तयार.

“आण्णा, लांब हाय. अंबाजोगाईला जायचंय.”

“असू दे की. मी काय चालत येणार हाय का?”

मैफलीत ते मला अगदी खेटून बसायचे, म्हणजे रेकॉर्डरलाही खेटून. गवई समेवर आला की बरोबर समेवर खोकायचे. एवढा तालात खोकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. खोकून झालं की “आगं माय गं” म्हणायचे, आणि मग तिसऱ्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात मला कानात विचारायचे, “ह्यो तंबोरेवाला जेवला न्हाई का रे? लईच मरगळलाय.”

मी दात-ओठ खात घरी यायचो आणि दोन-दोन दिवस कॉम्प्युटरसमोर बसून आण्णांना वेचून काढायचो. तेही स्टूल ओढून शेजारी येऊन बसायचे.

“काय करायलास रे?”

“तुमचा खोकला काढायलोय.”

“काढ काढ. झालं की हे मशीन त्या डॉक्टरला बी दाव.”

मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मी कामात होतो.

अशातच शेख सरांशी माझं वाजलं. शेख सर बीडचे, चित्रकलेचे रिटायर मास्तर आणि ग्रुपातले सगळ्यात जुने सभासद. शर्टाच्या खिशात रेकॉर्डर ठेवून गाणं ऐकायचे आणि जे खिशात शिरलं ते जसंच्या तसं ग्रुपवर टाकायचे. अंबाजोगाईला सकाळच्या रागांची एक मैफल झाली. त्या दिवशी आण्णांच्या खोकल्यापासून वाचवावा म्हणून मी माझा रेकॉर्डर उचलून स्टेजच्या कडेला नेऊन ठेवला होता, आणि मीही बराच वेळ तिथेच राखण करत उभा होतो. मागे आण्णांच्या शेजारी शेख सर बसले होते. आठवड्याने सरांनी त्यांची फाइल टाकली. मी सुरुवातीचं अर्धं मिनिट ऐकलं, तेवढ्यात आण्णा दोनदा खोकले. झालं, माझं डोकं सटकलं. दोनशे माणसांदेखत मी लिहिलं, “कृपया असा कचरा ग्रुपवर टाकू नये.”

सरांनी एवढंच लिहिलं, “कचरा कुणाचा हाय, ते तरी ऐका एकदा.”

मी ऐकलं नाही. ती फाइल काढली आणि शेख सरांनाही काढलं. वयाने मोठा माणूस, पण नियम म्हणजे नियम. मला त्या दिवशी आपण फार मोठे न्यायाधीश झालो असं वाटलं होतं.

त्यानंतरच्या थंडीत आण्णा गेले. कापूस वेचणीला आला होता आणि सगळं गाव शेतात होतं. खांद्याला माणसं गोळा करायलाच दुपार झाली. शेवटचे आठ दिवस ते खोकलेसुद्धा नाहीत. तेवढी ताकद उरली नव्हती.

वर्षश्राद्धाला पंधरा दिवस राहिले तेव्हा माय माझ्या दुकानात आली. ती दुकानात कधी येत नाही. मोटारींच्या ढिगाऱ्यावर पदर सावरून बसली आणि म्हणाली, “दत्ता, तोंड दिसतंय रे डोळ्यांपुढं. आवाज न्हाई येत. मला ‘आगं’ म्हणायचे, ते कसं म्हणायचे तेच आठवंना. परवापास्नं आठवायलेय. तू येवढं समद्यांचं भरून ठेवतूस, मला त्यांचा आवाज ऐकव.”

“एवढंच ना माय?” मी छाती फुगवून म्हणालो. “माझ्याकडं दोन हजार तासांचं गाणं हाय. आण्णा प्रत्येक मैफलीला होते.”

घरी नेऊन मी तिच्या कानाला हेडफोन लावला. तिने डोळे मिटले. पाऊण तास ती हात जोडून बसली. मग एक डोळा उघडून तिने विचारलं, “ह्यात कुठं हायेत ते?”

कुठेच नव्हते. मी एक फाइल उघडली, दुसरी उघडली, दहा उघडल्या. समा यायच्या, खोकला यायचा नाही. जिथे जिथे आण्णा होते तिथे तिथे माझ्या हातची, टाळ्या मिळाव्यात अशी शुद्ध शांतता. बायको, मंगल, दारात उभी राहून बघत होती.

“आवो,” ती म्हणाली, “सासऱ्याला पार धुवून काढलंत की.”

मग सुरू झाली शोधाशोध. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ काढला. त्यात आण्णा चांगली चार मिनिटं व्याह्यांशी बोलत आहेत, ओठ हलतायत, हात हलतायत, आणि व्हिडिओवाल्याने वरून सनई टाकलेली. मोबाइलमध्ये आण्णांचा एक आवाजी मेसेज सापडला. तो एक सेकंदाचा होता. चुकून बोट दाबलं गेलेलं. त्यात एक कोंबडी होती. फोनवर तर ते माझ्याशी बोलायचेच नाहीत. मी फोन केला की “हां, देतो” म्हणून मायकडे द्यायचे. ते “हां, देतो” तरी कुठे असेल म्हणून मी फोन उलटा-पालटा केला. नव्हतं.

शेवटी मी ग्रुपवर लिहिलं, “माझी कोणतीही जुनी, साफ न केलेली फाइल कुणाकडे असल्यास कळवावे. वडिलांचा खोकला हवा आहे.”

दहा मिनिटांत उत्तरं आली. एकाने लिहिलं, “सर, आपल्या नियमाप्रमाणे मूळ फाइल लगेच डिलीट केली आहे.” दुसऱ्याने लिहिलं, “मी पण.” अठरा जणांनी “मी पण” लिहिलं, मोठ्या अभिमानाने. आयुष्यात पहिल्यांदा माझा नियम एवढा पाळला गेला होता. एकाला राहवलं नाही. त्याने कुठल्याशा मैफलीतला खोकला कापून पाठवला, हा बघा आपल्या वडिलांचा आहे का. ते बघून आणखी सहा जणांनी पाठवले.

मायने सातही खोकले भाजी निवडावी तसे निवडले.

“ह्यो न्हाई. ह्यो ओला हाय. त्यांचा कोरडा होता.” पुढचा. “ह्यो तर बिडीचा हाय.” पुढचा. “ह्यो बाईमाणूस हाय रे, दत्ता.”

सातवा तबलजीचा निघाला. मायने हेडफोन काढून माझ्या हातात दिला. त्या दिवशी ती जेवली नाही आणि मलाही घास गेला नाही. ज्या माणसाने मला सायकलवर मागे बसवून शाळेत सोडलं, त्याला मी मैफलींतून वेचून वेचून बाहेर काढलं होतं, आणि वर पन्नास अंगठे घेतले होते.

दोनशे बारातल्या एकानेच नियम मोडला होता. त्याला मी हाकललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बीडची एसटी धरली. माय म्हणाली, मी बी येते. मी म्हणालो, माय, तिथं मला बोलणी खायची हायेत. ती म्हणाली, मग तर येतेच.

शेख सरांनी दार उघडलं, मला ओळखलं आणि दारातच उभे राहिले.

“या. कचरा न्यायला आलात का?”

मी मान खाली घातली. सर आणखी बोलणार होते, बरंच साठलं असावं. तेवढ्यात माझ्या मागे त्यांना माय दिसली.

“ह्या कोण?”

“कचरा ह्यांच्या घरचा हाय,” मी म्हणालो.

सर दारातून बाजूला झाले. त्यांनी मायला खुर्ची दिली, आत चहा सांगितला आणि कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. डब्यात मेमरी कार्डं होती, एकेका पुडीत, पुडीवर गाव आणि गवयाचं नाव. अंबाजोगाईची पुडी त्यांना लगेच सापडली.

“हे मी पुन्हा पुन्हा ऐकलंय,” ते म्हणाले. “गाण्यासाठी न्हाई.”

सुरुवातीला तंबोरे. मग आलाप. मग खोकला. माय खुर्चीत ताठ झाली. खोकला संपला आणि लगेच, खिशातून आल्यासारखं, “आगं माय गं.”

“हां,” माय म्हणाली. “ह्योच. ह्योच ‘आगं’.” आणि तिने तोंडाला पदर लावला.

पुढे गवई दोन रागांच्या मध्ये थांबला होता आणि आण्णा आणि शेख सर बोलत होते. मी तेव्हा स्टेजच्या कडेला माझ्या रेकॉर्डरची राखण करत उभा होतो.

“तब्येत बरी न्हाई वाटतं,” शेख सरांचा आवाज. “मग येवढ्या लांब कावून येता, भाईसाब? गाण्याचा शौक हाय वाटतं लई.”

“छ्या,” आण्णा म्हणाले. “मला काय कळतंय त्यातलं. त्या पोराला बी कळत न्हाई, नुस्ता मशीनचा काटा बघत बसतंय. घरी माझ्यासंगं बोलत न्हाई ते. दुकान, मोबाइल. हितं तीन तास खेटून तरी बसतंय.”

मग खोकला.

“आन् घरी गेलं की दोन-दोन दिस माझा खोकला काढायला बसतंय. माझाच आवाज ऐकत. मी बी स्टूल घेऊन बसतो बाजूला. तेवढंच.” मग आण्णा हसले. बारीक, घोगरं. “म्हणून मी बी जरा जास्तीचं खोकतो.”

शेख सर त्या खिशातल्या मैफलीत हसत होते आणि आता खोलीत मात्र खिडकीकडे तोंड करून उभे होते. मला रडू आलं. चाळीशी उलटलेला माणूस मी, परक्याच्या घरी, हातात बशी धरून रडलो. कारण पुढे मी काय बोललो होतो ते मला आठवलं. पावलं वाजली आणि माझा आवाज आला, चांगला खणखणीत, “गप बसा की आण्णा. रेकॉर्डिंग चालूय.”

त्यानंतर आण्णा खोकले नाहीत. शेवटपर्यंत नाही. सगळी भैरवी त्यांनी खोकला गिळून ऐकली.

मायने ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा माझा आवाज आला तेव्हा तिने हात उगारला आणि मला खरोखरच पाठीत एक दिली. मग शेख सरांना म्हणाली, “भाऊ, वर्षश्राद्धाला या. ते मनातलं बोलले ते बाहेरचं माणूस तुमीच.” सर आले. पंगतीत माझ्या शेजारीच बसले.

त्याच दुपारी मी शेख सरांना ग्रुपात परत घेतलं, ॲडमिन केलं, दोनशे अकरा जणांची माफी मागितली आणि ती अंबाजोगाईची फाइल टाकली. वर लिहिलं, “हे माझे वडील. नीट ऐका.” बराच वेळ एकही अंगठा आला नाही. मला वाटलं, ऐकतायत.

तासाभराने परळीच्या एका होतकरू सभासदाने फाइल परत पाठवली. हा माझाच चेला, सफाईचं काम मीच शिकवलेलं. खाली लिहिलं होतं, “सर, खोकला आणि म्हाताऱ्याची बडबड पूर्ण काढली आहे. मध्ये तुमचा आवाज ओळखू आला, तेवढा आदरापोटी ठेवला आहे.”

खाली पन्नास अंगठे होते. मी ऐकलं. काम चोख होतं, कुठे जोड दिसत नव्हता. तंबोरे, आलाप, मग लांबलचक शुद्ध शांतता, आणि त्या शांततेत मी एकटाच ओरडतोय, “गप बसा की आण्णा.”