तो मेलेला कोणाचा?

झॉम्बीची गोष्ट मी हौसेने लिहिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे गोष्ट मागितली, म्हणून लिहिली.

नाशिकमध्ये एक छोटी कंपनी आहे, मोबाइलवर ऐकायच्या मराठी गोष्टी तयार करते. मी दिवसभर एका कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशअर्ज तपासते आणि उरलेल्या वेळात लिहिते. त्या कंपनीतल्या सरांनी माझ्या दोन गोष्टी वाचल्या आणि म्हणाले, "मॅडम, झॉम्बी लिहा. पण जरा फ्रेश द्या. आमच्या आधीच्या सगळ्या सारख्याच निघाल्या."

फ्रेश म्हणजे काय, असं मी विचारलं.

"ते ऐकलं की कळतं हो."

हे उत्तर मला तिथेच खटकायला हवं होतं. पण मी हरसूलच्या पुढच्या, डोंगरातल्या एका पाड्यावरची, घरातली पहिली पदवीधर. गोष्टीच्या सुरुवातीला लेखिका म्हणून माझं नाव उच्चारलं जाणार होतं. मी लगेच हो म्हणाले आणि दोन आठवडे नुसते झॉम्बीचे सिनेमे बघितले. सगळीकडे तेच. प्रयोगशाळेत काहीतरी सांडतं, कोणीतरी कोणाला चावतं, मॉलची काच फुटते, हिरो बंदूक घेऊन गच्चीवर चढतो. तिसऱ्या सिनेमापासून मी ते पुढे पळवत बघायला लागले. मला वाटलं, जागा बदलली की झालं काम. मॉलच्या जागी मी दिंडोरीची द्राक्षबाग घातली. फवारणीच्या औषधातून रोग पसरतो, बागायतदाराचं कुटुंब बंगल्यात अडकतं, आणि दिवस कलताना डोंगराकडून ते येतात. शेकडो. पाय ओढत, मातीने माखलेले, तोंडाला फडकी गुंडाळलेले, काहींच्या हातात अजून छाटणीची कात्री.

ती कात्री मला फार आवडली होती. सरांनाही आवडली. "लोकेशन एक नंबर! ही कात्रीवाली पलटण लोक विसरणार नाहीत." पुढच्या शुक्रवारी रेकॉर्डिंग ठरलं.

रविवारी मी घरी गेले. आई आणि आत्या ओट्यावर नागली पाखडत बसल्या होत्या. दोघींनी वीसेक हंगाम दिंडोरीच्या बागांत काढलेत. छाटणी, विरळणी, सगळं. माझं कॉलेज त्यावरच झालं. आता गुडघ्यांमुळे जात नाहीत. मी मोठ्या तोऱ्यात पानं काढली आणि वाचायला लागले. (घरातलं बोलणं इथे थोडं सोपं करून लिहिते आहे.)

आत्याने पहिल्याच पानावर अडवलं. "मेलेलं माणूस चालतं कशाला?"

"रोगामुळे. त्यांना भूक लागते."

"मंग भाकर खाऊ दे की. माणूस कशाला खातंय?"

"आत्या, तशीच असते ही गोष्ट."

"असते म्हंजे? तूच लिवली ना?"

आई हसली. "मेल्यावर तरी खाली बसू दे गं त्यांना. जन्मभर उभ्याउभ्याच काम केलं आसंल."

मी दामटून पुढे वाचत राहिले. डोंगराकडून ते येतात तिथे पोहोचले, तसा आईचा सुपावरचा हात थांबला.

"कुठून आले म्हणालीस?"

"डोंगराकडून."

"म्हंजे आपल्याकडून."

"तसं नाही गं."

"तोंडाला फडकी, हातात कात्री. आमीच की हे." ती रागावून बोलली नाही, म्हणून जास्त लागलं. "आन् बंगल्यातले लोक आमाला मारत्यात. किती जण मारले?"

मी पान उलटलं. आत्या गप्प बसणाऱ्यातली नाही. "शिकली ना ती. आता आपण तिला लांबून दिसतो."

माझं डोकं सटकलं. "तुम्हाला यातलं काही कळत नाही," मी म्हणाले. हे वाक्य मी स्वतः कॉलेजात कितीदा ऐकलंय, आणि ऐकवणाऱ्यांना कधी माफ केलेलं नाही. ते मी माझ्या आईला ऐकवलं. अजून परत घेतलेलं नाही. कसं घेतात ते मला माहीत नाही.

आत्याला त्याचं काही वाटलं नाही. "बरं, नाय कळत. पण येवढे शंभर मेले, त्यातला एक तरी कोणाचा हाय ते सांग. एकालाबी घर नाय?"

"आमच्या टोळीतला कोणी बागेत पडला असता," आई म्हणाली, "तर तो उठो नायतर नको उठो, त्याला सोडून पिकअप हलला नसता."

ते खरं आहे. बागेत मजुरीला जाणारी टोळी एकाच पिकअप गाडीतून जाते आणि येते. सगळे बसल्याशिवाय कोणी ड्रायव्हरला गाडी हलवू देत नाही. एकदा एक बाई बांधाच्या सावलीत झोपून गेली, तर अख्खी टोळी ड्रायव्हरच्या शिव्या खात थांबून राहिली होती. ती बाई म्हणजे ही आत्याच.

परतीच्या बसमध्ये मी त्या दोघींवर चिडले होते. त्र्यंबक येईपर्यंत मला कळलं, की चीड स्वतःवरच आहे. मी जागा बदलली होती, पण बघणारे डोळे बंगल्यातल्यांचेच ठेवले होते. म्हणून ती गोष्ट शिळी होती, कात्रीसकट.

तीन दिवसांत नवी लिहिली. यात मेलेला एकच. संध्याकाळी टोळी गाडीत बसली आहे, एक माणूस कमी आहे. तो द्राक्षांच्या ओळीतून चालत येतो. त्याला दुपारी पडलेला सगळ्यांनी पाहिलाय. तो येतो आणि गाडीपाशी उभा राहतो. त्याची बायको सरकून जागा करते. लिहिताना मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती त्याच्या दातांची नव्हती. ती बायको सरकली, त्याची वाटली.

तेवढीच, शेवटाशिवाय, सरांना पाठवली. त्यांचा फोन आला. "मॅडम, पलटण कुठे गेली?"

"एकच आहे, सर."

"एका झॉम्बीने काय होतंय? लोकांना गर्दी लागते."

"तुम्हीच फ्रेश म्हणालात."

"अहो, फ्रेश म्हणजे एवढं नाही. फ्रेश म्हणजे तेच, पण जरा वेगळं. आपण जुनीच घेऊ. नाव तुमचंच राहील."

मी ताडकन नाही म्हणाले असं सांगायला आवडलं असतं. मी एक तास मागितला. अर्जांचे गठ्ठे उगाच या टेबलावरून त्या टेबलावर हलवले. मग फोन करून सांगितलं, की ती गोष्ट वापरू नका, त्यात माझी माणसं मारली जातात.

"कोणाला कळणार आहे?"

"आईला पहिल्या फटक्यात कळलं."

ते "बरं" म्हणाले, आणि संपलं.

दोन महिन्यांनी त्यांची नवी मालिका आली. द्राक्षबाग, बंगला, डोंगराकडून उतरणारी गर्दी. कात्रीच्या जागी कोयते. लेखकाचं नाव दुसरंच. मी दोन भाग ऐकले. वाईट नव्हतं, हाच वैताग. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'एकदम फ्रेश!' मी मोबाइल उलटा ठेवला आणि प्रवेशअर्ज तपासत बसले. त्या दिवशी दोन मुलांना उगाच ओरडले.

माझी गोष्ट अजून तशीच आहे, गाडीपाशी थांबलेली. पुढे काय, ते मला सुचत नाही. सुचलं तरी ऐकवायला कोणी नाही, या विचारानेच हात थांबतो. परवा फोनवर आईने विचारलं, "काय गं, घेतला का त्याला गाडीत?"

"नाही अजून. तू सांग, घ्यायचा का?"

"घ्यायचा. पाय बांधून मागं बसवायचा."

मागून आत्याचा आवाज आला. "काय नको! गाडीत लेकरं असत्यात."

"मंग काय बागेत ठेवायचा? दुसऱ्याच्या?"

"आन् चावला तर?"

"तुला तर जित्ता होता तवाबी तो आवडत नव्हता!"

"कोण?" मी विचारलं. "आई, तो गोष्टीतला आहे. मग मी लिहू काय?"

"थांब गं जरा," आई म्हणाली. "आमचं अजून ठरलं नाय."