तुलसीरामाचा लांबलेला श्रावण

तुलसीराम कोयनेच्या खोऱ्यातून मॉरिशसला आला तो १८५२च्या सुमारास, आणि येताना घरची दिरंगाईही सोबत घेऊन आला. "बघू की, करू की" हे त्याचं ठरलेलं उत्तर. तिथल्या सुरिनाम नावाच्या गावाजवळच्या एका साखर कारखान्याची उसाची बैलगाडी तो हाकायचा. माणूस लाख मोलाचा, पण हातातलं काम उद्यावर ढकलण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे.

वस्तीत वाचता येणारे एकटे जयदेवबुवा. श्रावणात पोथी तेच वाचत. यंदा त्यांचा मजुरीचा करार संपत होता, श्रावण सरताच ते देशी परतणार होते. मग पुढे पोथी वाचणार कोण? "मी शिकतो की!" तुलसीरामानं भर पारावर सांगून टाकलं. तेव्हा चैत्र चालू होता.

बुवा मागे लागत, "तुल्या, बसायचं न्हवं?"

"सरावनात बसू, बुवा. तवा काय काम असतंय?"

गावी भातलावणी उरकली की श्रावण म्हणजे निवांतपणा, हेच त्याच्या अंगात मुरलेलं. इथे ऋतूच उलटे; श्रावण आला तो थंडीत, ऐन ऊसतोडीत! दिवसभर गाड्यांची रांग तुटेना. संध्याकाळी सगळी पोथी एका बैठकीत शिकून उरकायला बसला की पहिल्याच ओळीवर घोरायला लागे. आता मात्र तो खरोखर घाबरला.

बायको बसंती म्हणाली, "अवो, आख्खी भाकर येकदम कोंबताय व्हय? घासाघासानं खावा. दिसभर गाडीसंगं चालताय, तवा तोंड काय करतं?"

"बैलास्नी शिव्या देतं," तुलसीराम प्रामाणिकपणे म्हणाला.

"मंग तीच येळ द्या पोथीला."

बुवा कारखान्यात ऊस उतरवून घ्यायचे, आणि उसाचा रस निवळायला लागणाऱ्या चुन्याला तिथे तोटा नव्हता. दर खेपेला ते गाडीच्या फळीवर चुन्यानं थोडंसं लिहीत. आधी अक्षरं, मग शब्द, मग ओळी. शेतावर जाऊन येईपर्यंत तुलसीराम ते घोकायचा. बरोबर आलं तर पुसून नवं, चुकलं तर पुन्हा तेच. शिव्या बंद झाल्यानं बैल मात्र बावरले.

श्रावणातल्या शेवटच्या रविवारी तो पोथीपुढे बसला. एकेका शब्दावर बोट ठेवत, घाम पुसत. लोकांना कथा पाठ होती, ते पुढचं सांगू बघत, आणि बसंती त्यांच्यावर डोळे वटारी. ऊन डोक्यावर आलं, खीर निवली, तरी अध्याय अर्धाच. उठलं मात्र कुणी नाही.

"उरलंय ते फुडच्या आयतवारी," तुलसीराम म्हणाला.

बुवा हसता हसता डोळे पुसू लागले. "आरं, सरावन संपला की!"

"कुनाचा संपला?"

बुवा जहाजावर चढले. पुढच्या रविवारी त्यांच्या पाटावर तुलसीराम बसला, आणि तोही वेळेआधी! त्या वर्षी वस्तीतला श्रावण ऊसतोड सरेपर्यंत चालला, आणि कुणाचीच तक्रार नव्हती.