हरलेल्या मेयरची पाटी

मुलांनो, तुमच्या अमेरिकेतल्या गावी मी खिडकीशी बसले होते. निवडणूक हरलेले मेयर आपल्या प्रचाराची पाटी तुमच्या अंगणातून काढायला स्वतः आले. शिशाचे जुने, विषारी पाइप बदलायला त्यांनी पाणीपट्टी वाढवली होती. लोकांनी मेयरच बदलला. समोरच्या बाई ओरडल्या, "चला, आता तरी बिल कमी येईल!" ते कसनुसं हसले.

मी बाहेर जाऊन विचारलं, "आमच्या रस्त्याचे पाइप?"

"तेवढे राहिले, मॅडम. नवे मेयर काम थांबवणार म्हणतात."

जमिनीखालचं काम दिसत नाही. वाढलेलं बिल मात्र घरोघरी दिसतं. मत कशाला पडणार?

आत आले तर नातू चिनू नळाखाली पेला धरून उभा होता. पाणी अगदी स्वच्छ दिसत होतं.