नाश्ता न देणाऱ्या मालतीबाई

मालतीबाई गेल्या, हा फोन सकाळी आला. त्याच्या मागोमाग दुसरा, विद्यापीठाच्या ऑफिसातून. "मॅडमजी, परसों शोकसभा है. आपकी लड़कियों से चाय-पोहा करवा दीजिए." त्यावर मी जे बोलले ते इथे छापता येणार नाही. ज्या बाईनं अख्खी नोकरी याच एका वाक्याशी भांडण्यात घालवली, तिच्याच शोकसभेला!... तीन आठवडे झाले, राग गेलेला नाही. म्हणून लिहितेय.

आमच्या होम सायन्स विभागाकडे सगळे कँटीन म्हणूनच बघत. कुणी पाहुणा आला की चपराशी दारात हजर: "लड़कियों को बोलो, पोहे-जलेबी." विभागप्रमुख मालतीबाई दर वेळी नाही म्हणत आणि दर वेळी वरून चिठ्ठी येई. मी सेकंड इयरला असताना बाबांची मिल बंद झाली. आयुष्यभर मागावर उभा राहिलेला माणूस दिवसभर दारातल्या ओट्यावर बसायला लागला. देवासहून माझ्यासाठी स्थळ आलं. "एवढं वर्ष कर, मग बास," बाबा म्हणाले. त्यात विद्यापीठाला कंप्यूटरचं वेड लागलेलं. आमचा विभाग बंद करून खोल्या कंप्यूटरच्या कोर्सला द्यायच्या का, हे ठरवायला कमिटी येणार होती. विभाग गेला असता तर माझं शिक्षण तिथेच संपलं असतं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आणि गंमत बघा, विभाग बंद करायला येणाऱ्यांचा नाश्तासुद्धा आम्हीच करायचा, अशी चिठ्ठी आली!

कमिटी आली त्या दिवशी मालतीबाई मॅडमनी शेगडी पेटवू दिली नाही. टेबलावर बशांच्या जागी आमच्या प्रॅक्टिकलच्या वह्या मांडल्या. कमिटीचे अध्यक्ष इकडेतिकडे बघत म्हणाले, "मॅडमजी, नाश्ता?"

"पोहे कोपऱ्यावर मिळतात, सर. जलेबीही गरम असते. इथे आम्ही आहारशास्त्र शिकवतो," मॅडम म्हणाल्या आणि मला पुढे ढकललं. "सांग गं."

आमच्या चाळीतल्या पोरांची वजनं मी महिनोन्‌महिने घेतली होती. मिल बंद झाल्यावर कुणाच्या ताटातून आधी काय गेलं, ते सगळं वहीत होतं. चाचरत सांगितलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि हसून विचारलं, "बेटा, शादी के बाद ये सब किस काम का?"

माझं डोकंच सटकलं. "सर, शादी के पहले ही काम आ गया," मी म्हटलं. आई भंवरकुआं भागातल्या हॉस्टेलांना डबे देते, उन्हाळ्यात काय टिकतं, वाढत्या पोरांना काय द्यायचं, हे मी इथे शिकून तिला सांगते. बाबा आता ओट्यावर बसून भाजी चिरतात. आमचं घर त्यावर चाललंय, असं सगळं एका दमात बोलून टाकलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या... त्या रडत होत्या, हे नंतर कळलं.

विभाग वाचला. मोठा हॉल मात्र कंप्यूटरवाल्यांनी नेलाच. मॅडमनी उरलेल्या खोलीत टेबल ओढून घेतलं आणि मला एमएस्सीचा फॉर्म भरायला बसवलं.

"देवासवाल्यांना काय सांगू?" बाबांनी विचारलं.

"सांगा, मुलगी कामात आहे," मी म्हटलं.

आज त्या खोलीत विभागप्रमुख म्हणून मी बसते. मॅडमची खुर्ची एका पायानं डुगडुगते, कुरकुरते. नवी घ्या, असं ऑफिसातून दर वर्षी येतं. घेणार नाही. ज्याला तिचा आवाज खुपतो, त्यानं उभ्यानं बोलावं.