गोळीचं गाऱ्हाणं

एका संध्याकाळी, चाळीस मिनिटांत, मी एक अख्खं गाव निरोगी करून टाकलं होतं. कागदावर. त्याला औषध लागलं नाही, सुई लागली नाही. लागला तो माझा आवाज, आणि त्याचा मला लहानपणापासून गर्व.

वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात वीस वर्षं देखरेख केल्यावर मी कसालजवळ चाललेल्या एका अभ्यासात चिकटलो. अभ्यास लेप्टोचा. शेताच्या चिखलात उंदरांचं मूत मिसळतं, पायाला चीर असली की रोग तिथून आत शिरतो आणि धडधाकट माणूस तापाने आडवा होतो. लावणीच्या दिवसांत आठवड्याला एक गोळी घेतली तर हा ताप टळतो का, एवढंच बघायचं होतं. आमच्या डॉक्टरबाई घाटावरच्या, वयाने माझ्या लेकीएवढ्या. दोन पावसाळे त्या या एकाच प्रश्नाला धरून बसल्या होत्या. गोळी उपयोगी ठरली तर पुढच्या वर्षी आजूबाजूच्या गावांनाही मिळणार होती. नाही ठरली तर वाटप बंद. अहवालाला तीन आठवडे उरले होते.

माझं काम दर आठवड्याला गोळ्या वाटायचं आणि लावणी सरल्यावर घरोघर जाऊन प्रश्न विचारायचं. प्रश्न पंचवीस, पण एका घरात दीड तास जाई. आधी ‘तू खंयचो?’, मग ‘कोणाचो झील?’, मग माझ्या मावशीच्या सासरचं कोणीतरी त्यांच्या नात्यातलं निघे, मग चहा. अकराव्या प्रश्नाला पोचेपर्यंत घरधनी गुरं बांधायला उठलेला असे. काजूच्या टेबलावर अख्खा गर इकडे, तुकडा तिकडे, हात थांबता कामा नये, अशा शिस्तीत मी मुरलेला. मला हे बघवेना.

“डॉक्टर, आपलं संशोधन फार रेंगाळतंय,” मी म्हटलं. “हे गाव माझ्यावर सोपवा.”

त्यांनी सोपवलं. एवढी एक चूक त्यांची. पुढच्या सगळ्या माझ्या.

मी प्रत्येक घरातलं एकेक माणूस देवळाच्या मंडपात बोलावलं. नियम सांगितला: मी प्रश्न वाचीन, उत्तर ‘नाही’ असेल त्याने हात वर करायचा, बाकीच्यांचं ‘होय’ धरणार. आणि उभा राहिलो तो नेमका गावचे मानकरी आजोबा गाऱ्हाणं घालायला उभे राहतात त्या जागी. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे घातलेलं साकडं. एकाने खड्या आवाजात गावाच्या वतीने एकेक मागणं मांडायचं आणि दर मागण्याला सगळ्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.

मी घसा खाकरला. “यंदाच्या लावणीत, दर आठवड्याला, न चुकता गोळी घेतली…”

“व्हय म्हाराजा!” मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

“पायाला जखम असताना चिखलात उतरलो नाही…”

“व्हय म्हाराजा!” आता अर्धा मंडप.

पाचव्या प्रश्नापासून खांबाला टेकलेल्या बायकाही सामील झाल्या. माझाही सूर चढला, वाक्यांना शेपट्या फुटल्या. हात एकही वर आला नाही. मी मनात म्हटलं, काय हे सहकार्य!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद चाळले. आधी त्यांचा चेहरा उजळला, मग तो हळूहळू विझत गेला. त्यांनी रक्ततपासणीची यादी शेजारी ठेवली.

“काका, या गावात चौघांना लेप्टो झाला होता. आणि चौघांनीही एकही आठवडा न चुकवता गोळी घेतली म्हणताय. मग गोळीचा उपयोग नाही, असं मला लिहावं लागेल.”

“लोक प्रामाणिक आहेत,” मी पुटपुटलो.

“एकानेही नाही म्हटलं नाही? विचारलंत कसं? मला तसंच विचारून दाखवा.”

मी शक्य तेवढ्या सपाट आवाजात सुरुवात केली. पण सवय जाते कुठे? “…न चुकता गोळी घेतली…”

खिडकीबाहेर आमचा ड्रायव्हर जीप धूत होता. हातातलं फडकं न थांबवता तो म्हणाला, “व्हय म्हाराजा!”

डॉक्टरांनी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “महाराजा कोण?”

मी सांगितलं. सगळं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवले. संशोधनात चुकलेला कागद फाडत नाहीत. त्यावर एक आडवी रेघ, कारण आणि सही. अडतीस कागदांवर मी ‘कारण: गाऱ्हाणं झालं’ असं लिहिलं.

मग पुन्हा घरोघर. पहिलं घर मानकरी आजोबांचं, कारण त्या चौघांतले एक तेच.

“आजोबा, गोळी घेतली म्हणान देवळात सांगलात तुमी.”

“मी खंय सांगलंय? तू गाऱ्हाणा घातलंस, आमी व्हय म्हटला. गाऱ्हाण्याक कोण नाय म्हणता काय रे मेल्या?”

“मगे खरा काय ता सांगा. तुमी घेतली असा लिवलंय, तर गोळयेक गुण नाय असा ठरतला. पुढल्या वर्साक कोणाकच गावची नाय.”

आतून आजी पत्र्याचा डबा घेऊन आल्या आणि माझ्यापुढे आदळला. आत गोळ्यांची पाकिटं. दोनच खळगे रिकामे.

“सगळ्या गावाक गोळी घेवा म्हणान मीच सांगत फिरलंय,” आजोबा हळू आवाजात म्हणाले. “आता माझाच नाव ह्या कागदार येतला?”

“नाव नाय. नंबर.”

त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. “लिव मगे. गोळी वायट नाय. पोटात मळमळाक लागला म्हणान मीच सोडलंय.”

“मळमळतला नाय तर काय?” आजी म्हणाल्या. “तुमी सोमवारीच वाटतास मां? सोमवारी ह्येंच्या पोटात रात्रीपर्यंत काय जाता? उपाशी पोटी गिळल्यानी.”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. माझ्या पंचविसांत वाराचा प्रश्नच नव्हता. आणि सोमवार ठरवला कोणी होता? मी. सोमवारी आमच्या घरी मासे नसतात, जेवायची ओढ नसते, तेव्हा काम उरकायला तो वार बरा, हा माझा हिशेब. अर्धं गाव सोमवार धरतं हे मला जन्मापासून ठाऊक.

पुढच्या घरांत मी चहाला नाही म्हटलं नाही, आणि पाकिटं बघायला मागितली. आजोबांसारखी घरं बरीच निघाली. तापाने पडलेल्या चौघांतल्या तिघांनी गोळी सोडलेली. चौथ्याने सगळ्या घेतल्या होत्या; तेही तसंच लिहिलं. गोळी उपयोगी दिसते, पण ठाम बोलायला अजून एक पावसाळा हवा, असं डॉक्टरांनी अहवालात लिहिलं, आणि तो त्यांना मिळाला.

“काका, मग आता वार कुठला?” त्यांनी विचारलं.

“बुधवार,” मी म्हटलं. “जेवणानंतर.”

पुढच्या लावणीत मी आजोबांकडे गेलो तेव्हा ताटाच्या कडेला बांगड्याचे काटे नीट रचलेले होते. त्यांनी गोळी जिभेवर ठेवली, वर पाणी घेतलं आणि मला आ करून दाखवलं.

“घेतलात?” मी पेन उघडून विचारलं.

“व्हय,” ते म्हणाले. मग बोट उगारून, “नुसता व्हय लिव हां. फुडला काय लिवू नको.”