पळीभर पाणी

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर नानांनी माझी वळकटी टपावर चढवून घेतली आणि खिडकीशी येऊन ते म्हणाले, "जमलं नाही तर लाजू नकोस. सरळ परत ये. शाळेतली खुर्ची कुठे जात नाही." वडिलांच्या मायेचेच ते शब्द; पण पुण्यापर्यंत मला धास्ती वाटत राहिली ती त्यांचीच. संस्कृतची एम. ए., शाळेच्या ग्रंथालयात तारुण्य घालवलेली, चौतिशीची मी. चारचौघांत माझा आवाज फुटत नसे. आणि निघाले होते कुठे, तर उज्जैनच्या एका मिशनरी महाविद्यालयात, आरोग्यसंवादाची पदविका घ्यायला! लोकांशी आरोग्याविषयी कसे बोलावे हाच तिथला विषय. शेवटी वस्तीवरचे प्रात्यक्षिक. त्यात नापास झाले, तर पुन्हा तीच खुर्ची.

साताऱ्यात राहिलेल्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्याच निघून गेलेल्यांनो, त्या वर्षाची नवलाई कशी सांगू? उज्जैनच्या माधव नगरात आत्याकडे राहत होते. आत्याचे यजमान बँकेच्या नोकरीपायी इकडे आले आणि इकडचेच झाले. "अगं, इतकी परेशान काय होऊन राहिलीस? आरामात पोहे खा, मग बघू," हे आत्याचे रोजचे आश्वासन. जवळच्या फ्रीगंज बाजारात दर महिन्याला काहीतरी नवे उगवे: एसटीडीचे पिवळे बूथ, परदेशी शीतपेयांचे फलक, शाम्पूच्या पुड्यांच्या माळा. महाविद्यालयात सकाळी प्रार्थना असे. हात कसे ठेवावेत ते न कळल्याने मी आपले देवघरातल्यासारखे जोडत असे; कोणी हरकत घेतली नाही. आमच्या शिक्षिका सिस्टर ॲग्नेस यांनी पहिल्याच तासाला विचारले, "ही रंगीत बाटली गल्लीगल्लीत पोहोचली. मग जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी का पोहोचत नाही?" तोवर मी समजत होते की ज्ञान कपाटात असते आणि गरजू तिथे चालत येतो. त्या दिवशी मी घरी जवळजवळ पळतच आले.

प्रात्यक्षिकासाठी मला रेल्वे रुळांपलीकडची वस्ती मिळाली. आत्याची खळ दिलेली साडी नेसून, चित्रांचे तक्ते कापडात बांधून मी गेले. सतरंजीवर बसून कापड सोडले मात्र, बायकांनी डोक्यावर पदर घेतले. कोणीतरी उदबत्ती लावली. मी एकेक तक्ता उलटत शुद्ध हिंदीत बोलत गेले. मध्ये कोणी बोलले नाही, काही विचारले नाही. माझ्यासारखीला याहून चांगले श्रोते कुठले? शेवटी तांब्यात मीठ-साखरेचे पाणी कालवून मी प्रत्येकीच्या तळहातावर चव पाहण्यापुरते घातले. त्यांनी ते डोळ्यांना लावले, प्याल्या आणि ओला हात केसांवरून फिरवला. मी तरंगतच परतले.

"आपने अच्छा बोला होगा," सिस्टर म्हणाल्या. "उन्होंने क्या बोला?"

"कुछ नहीं, सिस्टर. सब शांति से सुन रहे थे."

"तो सोमवार को जाइए, सुनकर आइए. नंबर उसी के मिलेंगे."

सोमवारी, बैठकीला आलेल्या रामकन्येच्या दारात थांबले. तिच्या मांडीवरच्या मुलाला आदल्या दिवसापासून जुलाब होते. ओठ सुकलेले, डोळे ओढलेले. औषधाचे पाणी दिले का, असे विचारताच ती अभिमानाने म्हणाली, "दिया ना, दीदी! सबेरे-शाम एक-एक पली. चरणामृत जैसा. एक बूंद नी गिरने दी."

उज्जैनच्या बायका त्या! पोथीसारखे उलगडलेले तक्ते, उदबत्ती, शेवटी तळहातावर पाणी; त्यांनी कथा ऐकली होती आणि तीर्थ घेतले होते. तीर्थ काय कोणी तांब्याने पितो?

मी तक्ते बाहेरच ठेवून आत शिरले. पाणी कालवले आणि चमच्याचमच्याने पाजू लागले. रामकन्येची सासू कडाडली, "इत्ता पानी पिलाओगी तो दस्त और लगेंगे नी?" आणि मी, हजेरी देताना अडखळणारी मी, तिच्यावरही चढा आवाज लावला, "अम्मा, जितना निकला उतना वापस तो डालना पड़ेगा!" दारात बायका जमल्या. एक म्हणे साखरेने जंत होतात, दुसरी म्हणे मिठाने खोकला. मी प्रत्येकीशी भांडले, मोडक्या हिंदीत, पुढचे वाक्य मनात न जुळवता. दुपार कलेपर्यंत फरक पडला नाही, तर रिक्षा बोलावून दवाखाना गाठायचा, असे ठरले होते. पण ऊन उतरायच्या आत मुलाने टकामका पाहिले आणि माझ्या मांडीवर खुशाल धार सोडली. "लो, दीदी को नहला दिया!" सासूच आधी हसली. मूत्र झाले, म्हणजे अंगात पाणी ठरले. खळ दिलेली ती साडी भिजली याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

पुढच्या बैठकीला सिस्टर कोपऱ्यात बसल्या होत्या. मी पहिले वाक्य पुरे करायच्या आत रामकन्या उठली. "दीदी, आप बैठो. आपका लंबा हो जाता है, मैं बताती हूँ." तिने पाणी कालवले, चाखले, शेजारणीला चाखवले. चौघी एकदम बोलू लागल्या. सिस्टर नुसत्या हसल्या. मी पास झाले आणि इकडचीच झाले.

साताऱ्याला आजही जाते. तिथे सगळे माझे बोलणे संपण्याची अदबीने वाट पाहतात. इतक्या अदबीने, की मी सुरूच करत नाही. मग उज्जैनला परतते, रूळ ओलांडते, तोंड उघडते, आणि कोणीतरी मला मध्येच तोडते. तेव्हा वाटते, पोहोचले घरी.